खाडा: एका घरातल्या कालनिर्णयांचं प्रकरण

श्रीवर्धन तालुक्यातलं एक गाव. कौलारू घर, पुढे अंगण, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि घरात एकट्या राहणाऱ्या काकू. त्यांचा थोरला मुलगा माझा कॉलेजपासूनचा मित्र, म्हणून त्या माझ्या काकू. हे प्रकरण लिहायला त्यांनी परवानगी दिली ती अटी घालून: गावाचं नाव नको, कुणाची नावं नकोत आणि "मी फार मोठं काही केलं असं लिहू नकोस." म्हणून इथे माणसांना नावं नाहीत. थोरला ठाण्याला असतो, ताई पुण्याला, धाकटा न्यू जर्सीत. काकूंचे यजमान, अण्णा, 2019 च्या मार्चमध्ये गेले.

माझा संबंध एवढाच की मी तीस वर्षं बँकेत काढली आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या घरांचे कागद लावून देतो. ठेवींवरची नावं, नॉमिनी, वारस नोंद, मृत्युपत्र. पैसे घेत नाही, जेवण घेतो.

बोलावणं कशासाठी होतं

डिसेंबर 2023, नाताळची जोडून आलेली सुट्टी. धाकटा दोन वर्षांनी आला होता, त्यामुळे तिन्ही भावंडं एका छपराखाली होती. मुंबईच्या एका माणसाला घर आणि वाडी होमस्टेसाठी विकत हवी होती. दिवेआगर-हरिहरेश्वरला शनिवार-रविवारी जी झुंबड उडते ती पाहता त्याने सांगितलेला भाव वाईट नव्हता.

धाकट्याचं म्हणणं, विकून टाकू; आईला ठाण्याला लिफ्टच्या इमारतीत, थोरल्याच्या शेजारीच फ्लॅट घेऊ. थोरला म्हणत होता, अजिबात नाही. 2026 ला मी रिटायर होतो, मग इथेच येऊन राहणार. ताई काहीच बोलत नव्हती. आणि काकू म्हणत होत्या, "तुम्ही काय ते ठरवा."

आमच्या पिढीच्या आयांचं हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे की ते संमतीचं नसतं.

मला बोलावलं होतं ते कागदांसाठी. विकायचं असो वा ठेवायचं, कागद लागतातच. ते काम आधी सांगून टाकतो, कारण खरी गोष्ट त्याच्या पोटातून निघाली.

कागद

अण्णा गेल्याला पावणेपाच वर्षं झाली होती, पण सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. घरपट्टीही त्यांच्याच नावाने येत होती. मृत्युपत्र नव्हतं. मालमत्ता अण्णांनी स्वतः घेतलेली, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारस चार: काकू आणि तीन मुलं. चौघांना सारखे वाटे. थोरला मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई हक्कसोडपत्र देईल, ते काही नाही." मी म्हटलं, तिला विचारलंस? त्याने विचारलं नव्हतं. संध्याकाळी विहिरीजवळ ताई मला म्हणाली, "देईनही मी. पण कुणी विचारू दे तरी." पुढे चौघांचीही नावं लागली. तलाठ्याकडे अर्ज, फेरफार, पंधरा दिवसांची हरकतीची नोटीस, या सगळ्याला ऑगस्ट 2024 उजाडला.

दुसरा घोळ ठेवींचा. एका ठेवीवर धाकटा नॉमिनी होता आणि तो प्रामाणिकपणे समजून चालला होता की ती रक्कम अण्णांनी त्याला दिली. काउंटरवर हा गैरसमज मी हजारदा दूर केला असेन. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते, पण मालकी ठरते ती वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने. शेअर आणि रोख्यांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात, 14 डिसेंबर 2023 ला, हेच सांगितलं होतं, आणि योगायोग असा की तो खटला कालनिर्णयचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीचा होता. धाकट्याने मुकाट्याने मान डोलावली. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

हे बोलताना मी सहज म्हटलं, "काकू, अण्णांची जुनी पासबुकं, पावत्या कुठे असतील?" त्या उठल्या, माजघरातली लोखंडी पेटी उघडली आणि वरची लुगडी बाजूला काढली. खाली पासबुकं नव्हती. खाली गुंडाळ्या होत्या, सुतळीने बांधलेल्या.

पेटी

कालनिर्णय 1973 ला निघालं. काकूंच्या घरात ते 1979 पासून आलं, धाकटा दोन वर्षांचा असताना, आणि तेव्हापासून वर्ष संपलं की भिंतीवरून उतरवून त्या ते गुंडाळून पेटीत ठेवत आल्या. तळाची तीन वर्षं निसर्ग वादळाच्या पाण्यात भिजून एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. उरली 1982 ते 2022 अशी एक्केचाळीस. एकेचाळिसांपैकी एकही काकूंनी आठवण म्हणून ठेवलेलं नव्हतं. "रद्दीत टाकवलं नाही. देवाधर्माच्या तिथ्या असतात त्यावर."

मी एक सोडलं आणि खिडकीशी धरलं. तारखांच्या चौकटीत, तिथी-नक्षत्राच्या बारीक छपाईच्या फटीत, निळ्या शाईने मुंगीएवढी अक्षरं. दुधाचा रतीब होता, त्याचे खाडे म्हणजे फुल्या. गॅस कधी लावला. शिमग्याची वर्गणी. माडावर पाडेकरी कधी चढला आणि नारळ किती उतरले. या सगळ्याच्या मधेच:

"थोरला सायकलवरून पडला. 3 टाके."

"धाकटा शाळेत. रडला नाही."

"ताईची परीक्षा संपली. पाऊस."

(नावांच्या जागी मी थोरला, धाकटा घातलंय, काकूंनी प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलंय.)

एवढंच. कुठे हौस नाही, कुठे कौतुक नाही. एकही वाक्य चौकटीच्या बाहेर गेलेलं नाही. तिन्ही भावंडं फरशीवर बसली आणि रात्री साडेअकरापर्यंत उठली नाहीत. धाकटा 1983 च्या जूनपाशी अडकला होता. ते चार शब्द तो पुन्हा पुन्हा वाचत होता.

2019 ची गुंडाळी काकूंनी स्वतःच उघडून दिली. मार्चमध्ये अण्णा गेले त्या तारखेच्या चौकटीत काही नाही. पुढचे तेरा दिवस कोरे. चौदाव्या दिवशी लिहिलंय: "आजपासून दूध अर्धा लिटर."

मग 2020. निसर्ग वादळ 3 जूनला दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. ज्यांनी तो दिवस तिथे काढला त्यांना त्याचा आवाज आजही सांगता येत नाही. काकू शेजारच्या स्लॅबच्या घरात होत्या. त्या दिवशीची नोंद: "कौलं गेली. वाडी गेली. मी बरी. फोन बंद." हे त्यांनी त्याच रात्री लिहिलं की नंतर, विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्याच दिवशी. तारीख सरली की मग कुठे आठवतंय."

मोजदाद

मोजायची कल्पना धाकट्याची. त्याचा पिंडच तो. काकूंनी प्रत्येक वेळी लिहिलं होतं, "थोरला आला", "थोरला गेला." दोन तारखांमधल्या रात्री मोजायच्या. त्याने लॅपटॉपवर तक्ता केला, थोरल्याच्या मुलीने, म्हणजे काकूंच्या नातीने, गुंडाळ्या एकेक सोडून तारखा सांगितल्या.

2013 ते 2022 या दहा वर्षांत थोरला आईच्या घरी 76 रात्री राहिला. थोरल्याला आकडा बरा वाटला. मग नातीने त्याची फोड केली. गणपतीतल्या 41. वादळानंतर पाचव्या दिवशी पास काढून आला तेव्हाच्या 20. मिळतील तिथून कौलं आणि पत्रे आणून त्याने छप्पर उभं केलं होतं. अण्णांच्या दिवसांच्या 13. शेजारगावच्या एका लग्नाच्या 2. बेरीज झाली 76. उरलं शून्य. दहा वर्षांत तो सहज म्हणून, काही नसताना, एकदाही आलेला नव्हता.

कुणीतरी म्हणेल, गणपतीतल्या 41 आहेत की. कोकणातल्या घरात गणपतीत आई भेटते का, हे एकदा स्वतःला विचारावं. पहाटे चारला उठलेली बाई, घरात एकोणीस माणसं, उकडीचा टोप चुलीवर. तिच्याशी बोलणं म्हणजे "आई, तूप कुठाय" आणि "आई, तू जेवलीस का" एवढंच. चाकरमानी गणपतीचं रेल्वेचं आरक्षण महिनोन् महिने आधीपासून डोळ्यांत तेल घालून काढतो. आमच्या माणसाला नियोजन येत नाही असं कुणी म्हणू नये. पण ते सगळं नियोजन एका आठवड्यासाठी असतं.

मी थोरल्याला माझ्या धंद्याचा हिशेब करून दाखवला. वादळ आणि मरण वजा केलं तर तुझी सरासरी वर्षाला जेमतेम चार रात्रींची. काकू आणखी दहा वर्षं छान राहोत, तरी चाळीस. तुझ्या "2026 नंतर" मध्ये काकू एक्याऐंशीच्या असतील. त्याच्या खात्यात साचलेली हक्काची रजा किती, तर 180 दिवस; निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात म्हणून राखून ठेवलेली. तो रागावला. "तू काय माझ्या आईचं स्टेटमेंट काढतोयस?" म्हणाला आणि अंगणात निघून गेला. बरोबरच होतं त्याचं. बँकेच्या सवयीने माणूस कधी कधी नको तिथे बेरीज मारतो.

धाकट्याच्या रात्री तर त्याने स्वतःच मोजल्या आणि मोठ्याने वाचल्या नाहीत. दर दोन वर्षांनी सोळा दिवस यायचा. त्यातले नाशिकला सासुरवाडीत पाच, गोव्याला तीन, मुंबईत खरेदीचे तीन. उरलेले इथे.

ताईची गोष्ट

या तक्त्यात सगळ्यात खाली होती ताई. 1996 ला लग्न झालं; पुढे "ताई आली" ते "ताई गेली" यांत वर्षाकाठी तीन-चार रात्री, बरीच वर्षं कोरी. एकत्र कुटुंब, आजारी सासरे, मग सासूबाई. धाकटा सहज बोलून गेला, "म्हणजे ताई सगळ्यात कमी." ताई भाजी निवडत होती. ती तशीच निवडत राहिली.

तेवढ्यात नातीचं लक्ष एका नोंदीकडे गेलं. 2007 च्या ऑगस्टमध्ये: "ताईचा फोन नाही." तिने मागे-पुढे पाहिलं. 2011 मध्ये एक. 2004 पासून 2022 पर्यंत शोधून काढल्या तेव्हा अशा नोंदी भरल्या चौदा. एकोणीस वर्षांत चौदा.

नातीने विचारलं, "आजी, फोन नाही असं लिहिलंयस. पण फोन आला असं कुठेच का नाही?"

काकूंना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "अगं, दूध आलं असं लिहितं का कोणी? खाडा लिहायचा. बाकीचे दिवस आलेलंच असतं."

भाजी निवडणारी ताई उठून मागच्या दाराला गेली. बराच वेळ परत आली नाही.

मी इतक्या घरांचे कागद पाहिले, पण मोजमाप इतकं साफ चुकलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आम्ही रात्री मोजत होतो, कारण रात्री लिहिलेल्या होत्या. थोरला येणं ही घटना होती, म्हणून तिची नोंद. ताई रोज संध्याकाळी सातला होती, म्हणून तिची नोंदच नव्हती. थोरल्याने तो तक्ता पुसायला सांगितला. धाकट्याने पुसला नाही, फक्त मिटला.

काय ठरलं

दुसऱ्या दिवशी सकाळी 2024 चं कोरं कालनिर्णय भिंतीला लावायच्या आधी फरशीवर पसरलं. मी एकच सुचवलं: जे छापलेलं आहे त्याला हात लावू नका. गणपती 7 सप्टेंबरला आहेत, ते आपोआप होतील. दिवाळीही होईल. रिकामे चौकोन बघा.

थोरल्याने दर महिन्याचा तिसरा शनिवार धरला. शुक्रवारी रात्री निघायचं, रविवारी दुपारी परत, लागलीच तर सोमवारची रजा. साचलेल्या 180 तून. धाकट्याने ठरवलं की दोन वर्षांनी सोळा दिवस सहकुटुंब येण्याऐवजी दरवर्षी दहा दिवस एकट्याने यायचं, आणि डिसेंबरात नाही, जूनमध्ये. त्याच्या बायकोने हे कसं घेतलं ते मी लिहीत नाही. काही घरगुती वाटाघाटी माझ्याही कक्षेबाहेरच्या. ताईने काही लिहिलं नाही. "माझं चालू आहे," म्हणाली.

राहता राहिला घराचा प्रश्न. काकूंना तिघांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. मग जेवणं झाल्यावर, सुपात तांदूळ घेऊन बसल्या असताना, कुणी विचारलेलं नसताना त्या म्हणाल्या, "वाडी लावा."

वादळाआधी वाडीत शंभराच्या वर सुपाऱ्या होत्या, नावाजलेला श्रीवर्धनी रोठा. वादळाने तेवीस ठेवल्या. पडलेली खोडं उचलायलाच वर्ष गेलं, मग तिकडे कुणी पाहिलं नाही. धाकट्याने समजावलं की आई, रोप लावल्यावर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात.

"मला कुठे विकायचीय सुपारी," काकू म्हणाल्या. "घर विकायचं तर माझ्यामागे विका. लावायचं ते आत्ता लावा."

होमस्टेवाल्याला त्याच संध्याकाळी फोन गेला.

मृत्युपत्र काकूंनी फेब्रुवारीत केलं, आपल्या वाट्यापुरतं. साध्या कागदावर, स्वच्छ मराठीत. दोन साक्षीदार लागतात, ते लाभार्थी नसलेले बरे. एक मी आणि एक गावातले डॉक्टर. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नसतं आणि नोंदणीही सक्तीची नाही, पण आम्ही ती केली, कारण तीन भावंडं तीन गावी असली की नोंदवलेला कागद पुढचा मनस्ताप वाचवतो. त्यात एक कलम मी घातलं नाही, काकूंनी घालायला लावलं: लोखंडी पेटी आणि तीतली कालनिर्णयं नातीला.

आठवणी गोळा करण्याचे दोन-तीन फसलेले प्रयोग

धाकट्याने अमेरिकेला परतल्यावर दर रविवारी रात्री आठला व्हिडिओ कॉल सुरू केला. तिकडे सकाळचे साडेनऊ. त्याने कुठून तरी चाळीस प्रश्नांची यादी मिळवली होती. "आई, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण कोणता?" काकू कॅमेऱ्याकडे जनगणनेच्या माणसाकडे बघावं तशा बघत. "आता काय सांगू. बरं चाललंय सगळं. तू जेवलास का?" पाचव्या रविवारी त्यांनी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि त्या नारळ खवायला बसल्या. सहावा रविवार झाला नाही. अशा तयार याद्या आमच्या घरांत चालत नाहीत असं माझं मत आहे. आमच्या बायका स्वतःबद्दल विचारलं की गप्प होतात. फणसाबद्दल विचारलं की स्वतःबद्दल बोलतात.

थोरल्याने अल्बम हाती घेतला. पानाला गोंद आणि वर पारदर्शक कागद असतो त्यातला. फोटो सोडवायला गेला आणि अण्णा-काकूंच्या लग्नानंतरच्या एकुलत्या एका फोटोचा कोपरा पानालाच राहिला. अशा अल्बममधला गोंद वर्षानुवर्षं मुरत जातो. फोटो ओढून काढायचे नसतात. वरचा कागद अलगद उचलून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, आहे तिथेच त्यांचे फोटो काढायचे. नातीने तसं केलं. सुट्या फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलने नावं लिहिली, काकू सांगतील तशी. कित्येक चेहरे असे निघाले की ते ओळखणारं काकूंशिवाय आता जगात कुणी नाही. सगळ्याच्या दोन प्रती दोन हार्ड डिस्कवर, एक ठाण्याला, एक पुण्याला, तिसरी क्लाउडवर. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवलेले फोटो बारीक होऊन पोचतात, हे धाकट्याच्या लक्षात येईपर्यंत दीडशे गेले होते. मग डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवावे लागले.

एक कॅसेट सापडली, अण्णांच्या आवाजाची. टेपला बुरशी होती. ठाण्यातल्या एका दुकानदाराने ती साफ न करता थेट प्लेयरमध्ये घातली आणि फीत गुंतली. वाचली ती अकरा मिनिटं. सगळ्यांना वाटलं होतं अण्णांचं भजन असेल. अकरा मिनिटांत अण्णा कुणाला तरी सुपारीचा भाव समजावून सांगताहेत आणि मधेच तीनदा कुत्र्याला "हाड्!" म्हणताहेत. नातीने ते "हाड्" कापून मोबाइलची रिंगटोन केलीय. काकूंच्या घरी तो वाजला की त्या अजून दाराकडे बघतात.

सांदणं

जे जमलं ते असं. मे 2024, बरक्या फणसाचे दिवस. थोरला आला होता, नातीला घेऊन. काकू सांदणं करणार होत्या आणि प्रमाण विचारलं की म्हणत, "हाताला कळतं." नातीने ठाण्याहून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला होता. तिने काही विचारलं नाही. काकू जे पातेल्यात टाकणार ते आधी काट्यावरच्या वाडग्यात पडेल अशी ती पुढ्यात बसली. तांदळाच्या भाजलेल्या कण्या, 310 ग्रॅम. चाळणीतून घासून काढलेला रस, 560. गूळ 170. चिमूटभर मीठ. काकू कण्यांवर रस ओतता ओतता बोलत होत्या: हा गरा त्यांच्या माहेरच्या फणसासारखा नाही, माहेरचा फणस विहिरीवर वाकलेला होता, एकदा फळ विहिरीत पडलं आणि बापाने कुणाला बोलू दिलं नाही कारण पाणी बाटेल असं आजी म्हणेल, आणि मग सगळ्यांनी आठ दिवस ते फणसाच्या वासाचं पाणी प्यायलं. चाळीस प्रश्नांतून जे निघालं नव्हतं ते वीस मिनिटांत निघालं. फोन शेजारी पालथा पडून रेकॉर्ड करत होता.

पीठ सारखं झाल्यावर काकूंनी बोट बुडवून बघितलं आणि डब्यातून आणखी मूठभर कण्या टाकल्या. नात म्हणाली, "आजी, वाडग्यात!" काकू म्हणाल्या, "ही मोजायची नाही."

नातीच्या वहीत कृतीच्या शेवटी तसंच लिहिलंय: कण्या 310 ग्रॅम, अधिक एक मूठ, न मोजलेली.

दीड वर्षानंतर

जून 2024 ला धाकटा आला आणि त्याने थोरल्याबरोबर साठ रोपं लावली. नऊ-नऊ फुटांवर खड्डे, मधे सावलीला केळी, कारण सुपारीच्या पोराला ऊन सोसत नाही. त्याच्या हातांना फोड आले. काकूंनी कालनिर्णयावर फोड लिहिले नाहीत, "60 लागली" एवढं लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात एकोणीस मेली. काही जागी पुन्हा लावली. पंपाची मोटर दोनदा जळली.

थोरल्याचा तिसरा शनिवार 2024 मध्ये, गणपतीचा सप्टेंबर सोडून, अकरातून आठदा साधला. एकदा माणगावपर्यंत पोचायलाच सात तास गेले आणि तो रात्री दीडला दारात उभा राहिला. काकू जाग्या होत्या. दोन महिने ऑफिसने सोडलं नाही. एकदा खरं तर काहीच कारण नव्हतं, कंटाळा आला, असं त्याने मला सांगितलं, आईला नाही. ताईच्या सासूबाई पडल्या, खुबा मोडला, त्यामुळे त्या वर्षी ती फक्त दिवाळीनंतर दोन रात्री येऊ शकली. फोन रोज सातला.

त्या वर्षीच्या पानांवर तो आला त्या प्रत्येक तिसऱ्या शनिवारी काकूंचं अक्षर आहे: "थोरला आला." रविवारी: "गेला." 2025 च्या जानेवारीतही आहे, फेब्रुवारीतही. मार्चमध्येही. त्यानंतर नाही. एप्रिल, मे, जूनच्या तिसऱ्या शनिवारांत काकूंनी काहीच लिहिलेलं नाही. थोरल्याने ते पाहिलं आणि त्याला जरा लागलं. मी या तिन्ही वेळी गेलो होतो, म्हणाला, आणि आईने नोंदसुद्धा केली नाही.

जुलैमध्ये त्याच्या कंपनीत ऑडिट होतं, त्याला निघता आलं नाही. ऑगस्टमध्ये गेला तेव्हा त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाचं मागचं पान उलटून फोटो काढला आणि मला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. 19 जुलैच्या चौकटीत, तिथीच्या शेजारी, निळ्या शाईने एक फुली आणि पुढे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर.